असू दे, लागेल कधीतरी

मागच्या महिन्यात एका रात्री राउटरचा अ‍ॅडॉप्टर गेला. नेट बंद, घरात दोन खोल्यांतून एकदमच "नेट गेलं का?" अशी ओरड, आणि मी मात्र मनातल्या मनात खूश. खरंच खूश. कारण याच दिवसासाठी तर मी पंधरा वर्षं अ‍ॅडॉप्टर जमवत आलोय.

माळ्यावरून खोकं काढलं. मोजले तर २३ निघाले. (मोजायलाच नको होते, बायको शेजारी उभी होती.) राउटरच्या बुडाला लिहिलेलं, १२ व्होल्ट, १ अँपिअर. ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्होल्ट जुळावेच लागतात, अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तरी चालतं कारण यंत्र त्याला हवा तेवढाच करंट ओढतं, आणि तिसरं म्हणजे पोलॅरिटी, ते अ‍ॅडॉप्टरवर गोलाचं छोटंसं चित्र असतं ना, मध्ये प्लस का मध्ये मायनस, ते उलटं असेल तर अ‍ॅडॉप्टरपाठोपाठ राउटरही जाऊ शकतो. तर २३ मधून १२ व्होल्टवाले निघाले ४. एकाची पिन जाड, आत जाईचना. एकाची पिन झकास बसली पण तो अर्ध्या अँपिअरचा. एक कुठल्यातरी जुन्या मोडेमचा, त्याच्यावर आउटपुटच एसी, राउटरला लागतो तो डीसी नाहीच, तो घाईत लावला असता तर वेगळाच ब्लॉग लिहावा लागला असता. आणि चौथा सगळ्या बाबतीत अगदी हवा तसा, फक्त त्याची वायर पिनेपाशी तुटलेली. मग आठवलं की "जोडून घेऊ कधीतरी" म्हणून मीच तो ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नवीन आणला. दहा दिवसांनी ड्रिल मशीनच्या पिशवीत हात घातला तर तळाशी एक चालू अ‍ॅडॉप्टर, १२ व्होल्ट, १ अँपिअर, पिन बरोबर, आणि त्याच्यावर चिकटपट्टी लावून माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "राउटर स्पेअर".

काखेत कळसा वगैरे सगळं घरच्यांनी म्हणून झालंय, तुम्ही म्हणू नका.

आमच्यासारख्या जमवणाऱ्या लोकांचा एक घोळ असा की आम्हाला जिंकलेल्या लढायाच लक्षात राहतात. सहा वर्षांपूर्वी रात्री अकरा वाजता नळ गळायला लागला आणि माझ्या पत्र्याच्या डब्यात अर्ध्या इंचाचा रबरी वॉशर निघाला, पाच मिनिटांत नळ बंद. ती गोष्ट मी आजपर्यंत इतक्यांदा सांगितलीय की परवा मी नुसतं "तेव्हा तो वॉशर..." म्हटलं तर मुलीने पुढचं वाक्य पूर्ण केलं. पण त्याच सहा वर्षांत त्याच डब्यात शोधून न सापडलेल्या गोष्टी किती, आणि तिथे असूनही बाहेरून नव्या आणलेल्या किती, त्याचा हिशोब कोण ठेवतो. आणि उलटंही तसंच. एखादी गोष्ट टाकली आणि आठवड्यात तीच लागली की जन्मभर लक्षात राहते, पण टाकून दिलेल्या आणि पुन्हा कधीच न लागलेल्या शेकडो वस्तूंची आठवण येणार कशी, त्या लागल्याच नाहीत ना.

तर त्या "राउटर स्पेअर"वरून वाद झाला तेव्हा मी माझं हुकमी पान काढलं. अपोलो १३. एप्रिल १९७०, चंद्राकडे जाताना ऑक्सिजनची टाकी फुटली, तिघंही चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात येऊन बसले, ते बनवलेलं दोघांसाठी, श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साचायला लागला, तो शोषणारे जादा डबे मुख्य यानात होते पण ते चौकोनी, आणि इकडची जागा गोल. मग काय केलं? प्लास्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तिकेची पुठ्ठ्याची कव्हरं, स्पेससूटचा पाइप आणि चिकटपट्टी, एवढ्यावर जुगाड करून चौकोनी डबा गोल भोकाला जोडला आणि तिघं जिवंत परत आले. "बघ," म्हटलं, "पुठ्ठा टाकून दिला असता तर?"

बायको शांतपणे म्हणाली, "अरे, त्या लोकांना यानात काय काय आहे ते माहीत होतं. तुला माळ्यावर काय आहे ते माहितीये का?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये. कारण खरंच, जमिनीवरच्या इंजिनिअरांनी आधी तेच केलं होतं, यानात असलेल्याच वस्तू समोर घेऊन बसले आणि त्यातूनच तो जुगाड बनवून बघितला, मग वर रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली. त्यांच्याकडे सामान कमी होतं पण सगळं माहितीतलं होतं. माझ्याकडे सामान भरपूर, आणि त्यातलं अर्धं माझ्या डोक्यातून पुसलं गेलेलं. जी वस्तू आहे हेच आठवत नाही ती घरात असली काय आणि नसली काय. म्हणजे नसली तर बरं, निदान जागा तरी खात नाही.

मग ठरलं की टाकायचं काहीच नाही (ही माझी अट), पण सगळं काढायचं आणि एका वहीत लिहायचं (ही तिची). चार रविवार गेले.

वहीमुळे पहिली गोष्ट कळली ती ही की ठेवलेली वस्तू ठेवली तशी राहत नाही. माझी समजूत अशी की डब्याचं झाकण लावलं की आत वेळ थांबते. कसली थांबते. रबर बँडचा अख्खा गुच्छ एकमेकांना चिकटून लगदा झालेला. कॅसेट प्लेअरचा बेल्ट काढायला गेलो तर बोटांना डांबरासारखं काळं लागलं. नव्याकोऱ्या, पॅकसुद्धा न फोडलेल्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचं फक्त एका बाजूचं चिकटणं शिल्लक. तीन ट्यूब फेविक्विक, तिन्ही आतून दगड. एका टॉर्चमध्ये सेल तसेच राहिलेले, ते फुटून आत पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं, ती बुरशी नसते बरं का, अल्कलाइन सेलमधला पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेशी संयोग पावून तसा होतो, आणि तो स्प्रिंगा खातो, हाताला पण लागू देऊ नये. आणि सगळ्यात भारी म्हणजे जुने मोबाइल, पाच होते, त्यातल्या एकाची बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलं होतं. अशी फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही. ती मी इतकी वर्षं कपड्यांच्या गाठोड्याशेजारी ठेवली होती. ती मात्र अट मोडून लगेच ई-कचऱ्यात दिली. तिथे माझ्या मनाला जरा बरं वाटलं, कारण संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे की २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. म्हणजे टाकणारे पण काही फार शहाणे नाहीत, त्यांची अडगळ फक्त दुसऱ्याच्या अंगणात जाते.

दुसऱ्या रविवारी पेपरच्या कात्रणांची बॅग निघाली आणि तिथे मी थोडा गप्प झालो. न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंबद्दल बऱ्याच जणांनी वाचलं असेल. होमर आणि लँग्ली. होमरची दृष्टी गेलेली, आणि लँग्ली वर्षानुवर्षं रोजचे पेपर जमवत गेला, का तर भावाला परत दिसायला लागलं की त्याला राहिलेल्या बातम्या वाचता याव्यात. १९४७ मध्ये होमर घरात मेलेला सापडला, लँग्ली कुठे पळाला म्हणून शोधाशोध झाली, आणि तो सापडला दोनेक आठवड्यांनी, त्याच खोलीत, भावापासून दहा फुटांवर, स्वतःच रचलेल्या ढिगाखाली. घरातून शंभर टनांहून जास्त सामान काढलं, त्यात १४ पियानो. लोक ही गोष्ट वेडेपणाची म्हणून सांगतात. मला त्यातलं पेपरचं कारण वाचून हसू येत नाही. "लागेल कधीतरी"चं इतकं प्रेमळ कारण मी कुठे ऐकलं नाहीये.

आता असं साठवत राहणं हा एक आजार म्हणून वेगळा धरला जातो, अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या यादीत २०१३ पासून त्याला स्वतंत्र नोंद आहे, आणि त्यात खूण अशी की वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकताना त्रास होतो आणि खोल्या ज्या कामासाठी आहेत त्या कामाला वापरता येत नाहीत. मी लगेच बायकोला सांगितलं की आपल्या पलंगावर झोपता येतं, ओट्यावर स्वयंपाक होतो, म्हणजे मी पास. ती म्हणाली, गॅलरीचं दार उघडत नाही. ते मी विचारात घेतलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी तिने नवीन युक्ती काढली. प्रत्येक वस्तू हातात धरून विचारायची, "ही आत्ता तुझ्याकडे नसती तर तू आणली असतीस का?" प्रश्न हुशार आहे. कानेमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये एक प्रयोग छापला होता, वर्गातल्या अर्ध्या मुलांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि मग विकायला सांगितलं, तर ज्यांच्या हातात मग होता ते त्याची किंमत नसलेल्यांपेक्षा साधारण दुप्पट लावत होते. दहा मिनिटांपूर्वी मिळालेला मग! मग पंधरा वर्षं सांभाळलेल्या बिजागरीचं काय होणार. पण तिच्या युक्तीत एक फट होती ती तिच्या उशिरा लक्षात आली. ड्रॉवरचं सुटं हँडल, "आणलं असतंस?" "हो." छत्रीची काडी, "आणली असतीस?" "हो, रस्त्यात दिसली असती तर." कारण अर्ध्या गोष्टी मी तशाच तर आणल्या होत्या.

शेवटी माझी अट जरा सैल झाली, तर काय काय गेलं? लगदा झालेलं सगळं गेलं, १७ अ‍ॅडॉप्टर गेले, पॅरलल पोर्टची प्रिंटर केबल गेली (ती जाताना जरा वाईट वाटलं, काय जाड केबल होती). बाकीचं राहिलं. स्क्रू सगळे राहिले, एम३ म्हणजे तीन मिलिमीटरचे वेगळे, लाकडाचे वेगळे, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे वेगळे. गॅलरीचं दार उघडतं. आणि वहीचा फायदा एकदा झाला पण, मुलीच्या बॅगेची चेन तुटली तर "पान ४, निळा डबा" असं बघून दोन मिनिटांत चेनचा रनर काढून दिला, त्यामुळे आता वॉशरच्या जोडीला नवी गोष्ट आलीय.

शेवटच्या रविवारी तळाशी किल्ल्यांचा जुडगा निघाला. कुठल्या कुलपांच्या, कोणालाच माहीत नाही, पण किल्ली कशी टाकणार, कुलूप असेल ना कुठेतरी. आणि गंमत म्हणजे अर्ध्या तासाने दुसऱ्या डब्यात एक कुलूप निघालं, चांगलं जड, पितळी, लागलेलं, किल्ली नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेक किल्ली लावून बघायला लागलो, तीसुद्धा, अगदी मन लावून, मध्येच थोडं तेल सोडून परत पहिल्यापासून. एकही लागली नाही. मला वाटलं आता ती म्हणणार टाक दोन्ही. तिने वही ओढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पान ९, लाल डबा. किल्ल्या ११, कुलूप १. एकमेकांची नाहीत.