एकच हॉल, दोन ठेके: रॉटरडॅममधली एक रात्र

रात्रीचे पावणेदोन झाले होते आणि वरच्या हॉलचा आवाज गपकन गेला. मी खालच्या हॉलमध्ये डेस्कवर होतो तरी लगेच कळलं, कारण तीन तास छतातून येणारी धडधड थांबली आणि माझ्याकडचा बेस एकदम स्वच्छ ऐकू यायला लागला.

मी मूळचा पुण्याचा, इथे रॉटरडॅममध्ये साउंड सिस्टीमचं काम करतो, स्पीकर लावायचे, ट्यून करायचे आणि मग रात्रभर लिमिटर, म्हणजे आवाज हद्दीबाहेर गेला की दाबणारी सोय, आणि मीटरवर डोळा ठेवायचा. त्या रात्री एका जुन्या गोडाउनमध्ये पार्टी होती, वर हार्डकोर म्हणजे इथल्या भाषेत गॅबर, खाली ड्रम अँड बेस, थोडक्यात डीएनबी. तिकीट एकच पण गर्दी दोन. वर टकली पोरं, ट्रॅकसूट, एअर मॅक्स बूट, खाली काळे हुडी आणि टोप्या. जिन्यात एकमेकांकडे लायटर मागायचे आणि परत आपापल्या हॉलमध्ये.

वर गेलो तर सबचा, म्हणजे सगळ्यात खालचा बेस वाजवणाऱ्या स्पीकरचा, ॲम्प रॅक बंद पडलेला. वरून हात लावला तर चटका बसला, आणि बाजूच्या सबमधून कॉइल तापल्यावर येतो तो वार्निशचा वास येत होता, हा वास एकदा घेतला की विसरत नाही. रात्री दोनला दुसरा रॅक आणायचा कुठून? मॅनेजर बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं, वरचा हॉल बंद, सगळे खाली, दोन्हीकडचे डीजे अर्धा अर्धा तास आलटून पालटून वाजवतील. मला म्हणाल्या, तुझी सिस्टीम झेपवेल का? मी म्हटलं पाच मिनिटं द्या.

आता यात काय अवघड आहे ते सांगतो, कारण बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही नुसता दणदणाट वाटतो. स्पीड जवळजवळ सारखाच, डीएनबी मिनिटाला १७४ ठोक्यांच्या आसपास, त्या रात्रीचा हार्डकोर १८० च्या आसपास. फरक किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमच्या दणक्याचा. डीएनबीत एका बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनात, किक साधारण दोनदा, पहिल्या ठोक्यावर आणि मग तिसऱ्याच्या जरा पुढे, स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्यावर, म्हणजे मिनिटाला ८७ किक, आणि मधल्या जागेत लांब सब बेस. हार्डकोरमध्ये प्रत्येक ठोक्याला किक, मिनिटाला १८०, आणि ती किकसुद्धा ९०९ ड्रम मशीनची डिस्टॉर्शन देऊन सपाट केलेली, तिचं शेपूट पुढच्या किकला जाऊन भिडतं. ॲम्पला श्वास घ्यायला जागाच नाही. वरचा रॅक कशाने गेला हे मला तिथेच कळलं होतं.

पहिला हार्डकोर ट्रॅक लागला आणि सबचे लिमिटर लाल झाले ते लालच राहिले, किकमधला जीव गेला, नुसतं फट फट. त्यात आवाजाचा मीटर. इथे तेव्हा पाळायची मर्यादा होती पंधरा मिनिटांची सरासरी १०३ डेसिबल, ए वेटिंगवर, म्हणजे कानाला ऐकू येतं तसं खालचे सूर कमी धरून मोजलेली. ए वेटिंग ५० हर्ट्झला जवळपास ३० डेसिबल कमी मोजतं, त्यामुळे डीएनबीचा सब कितीही पोटात घुसला तरी मीटर फारसा हलत नाही, पण हार्डकोरच्या किकमध्ये डिस्टॉर्शनमुळे मधल्या फ्रिक्वेन्सी ठासून भरलेल्या असतात, मीटर झरझर वर जातो. म्हणजे तोच आकडा पाळायचा तर हार्डकोरवाल्यांच्या वाट्याला कमी बेस येतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं, आजही. मी सब ४ डेसिबल खाली घेतले, ३५ हर्ट्झच्या खालचं कापलं, २ ते ४ किलोहर्ट्झमधून ३ डेसिबल काढले आणि मगच पूर्ण लेव्हल थोडी वर नेली. लाल दिवे लुकलुकायला लागले, म्हणजे ठोक्याला पेटून परत विझत होते. बास, एवढंच हवं होतं.

सिस्टीम सावरली पण हॉल नाही. हार्डकोर लागलं की डीएनबीवाले बारकडे, डीएनबी लागलं की गॅबरवाले भिंतीला टेकून. मला बघवत नव्हतं. एकाच घरातली माणसं आहेत ही. १९९१-९२ साली इंग्लंडमध्ये जंगल, डीएनबी अशी वेगळी नावं रुळलीच नव्हती, तुटक ठोक्यांचं ब्रेकबीट पण हार्डकोरच आणि रेव्ह पियानो पण हार्डकोरच, वाटण्या झाल्या त्या नंतर, एकीकडे जंगल आणि मग डीएनबी, दुसरीकडे हॅपी हार्डकोर. आणि त्याच वर्षांत इकडे रॉटरडॅमला सरळ चार ठोक्यांचं गॅबर उभं राहत होतं.

तीनच्या पुढे डीएनबीचा जो मोठा, पन्नाशीला आलेला डीजे होता त्याने १७५ वर एक ट्रॅक लावला. सुरुवातीला फक्त ब्रेक, म्हणजे नुसत्या ड्रमचा तुकडा, तोच अमेन ब्रेक, १९६९ च्या एका सोल रेकॉर्डमधली सहा-सात सेकंदं, जी वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. तुकडे करून उलटसुलट लावलेला. डीएनबीवाले पुढे सरकले. आणि मग त्या ब्रेकच्या खाली गॅबरची किक आली, पण प्रत्येक ठोक्याला नाही, डीएनबीच्या जागांवर, आणि चार बारनंतर सरळ चार ठोके, मग परत तुटक. याला क्रॉसब्रीड म्हणतात, नाव दिलं ते आउटसाइड एजन्सी या डच जोडीने, आणि इथल्याच पीआरएसपीसीटी लेबलने दोन्हीकडच्या लोकांना वर्षानुवर्षं एका स्टेजवर आणलंय. मी हे ऐकून होतो, वाजवलेलंही होतं, पण दोन्ही गर्द्या समोर असताना कधीच नाही.

भिंतीला टेकलेली पोरं सुटली. सरळ ठोके आले की ट्रॅकसूटवाले हाक्केन करायचे, पाय झपाझप पुढेमागे, ठोके तुटले की हुडीवाले अर्ध्या स्पीडला झुलायचे, आणि दोनतीन वेळा असं झाल्यावर कोण कुठला ते दिसेनाच. माझ्या अंगावर काटा आला. मला लक्ष्मी रोड आठवला, मी पथकात ढोल वाजवायचो, ताशाची तर्री सुटली की पोटात खड्डा पडतो आणि मग चाळीस ढोलांचा पहिला टोल बसतो. ब्रेक म्हणजे ताशा आणि ती किक म्हणजे ढोल, कोणीतरी दोघांना वेगवेगळ्या गल्लीत नेऊन ठेवलं होतं.

पुढचा हार्डकोर डीजे चढला तो थेट त्याच स्पीडला जोडून घेऊन चढला, अर्धा अर्धा तास वगैरे कोणी मोजलं नाही, दोघं एकामागोमाग एकेक ट्रॅक लावत राहिले साडेपाचपर्यंत. मी मध्ये मध्ये उठून रॅकवर तळहात ठेवून यायचो. गरम होता, पण हात ठेवता येत होता.

सामान आवरताना प्रोसेसरमध्ये ती सेटिंग सेव्ह केली, नाव दिलं 'दोन्ही'. त्यानंतर अशा दोन पार्ट्यांना तीच लोड केली, फक्त सब अजून एक डेसिबल खाली घेतला.