पिल्लांचे पाच अंश

अकरावीला वायूंचे नियम सुरू करण्याआधी मी एक तास तापमानाच्या रूपांतराला देते. सूत्र मुलांना पाठच असतं: फॅरनहाइटमधून 32 वजा करा, 5 ने गुणा, 9 ने भागा. त्यामुळे हा तास बहुतेकांना फुकटचा वाटतो. यंदा तो संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

त्याच्या घरी कोंबड्यांची शेड आहे. एक दिवसाची पिल्लं आणली की ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या बल्बखाली, पहिला आठवडा 95 अंश फॅरनहाइट ठेवायचं आणि पुढे दर आठवड्याला 5 अंशांनी उतरवायचं, असं त्यांच्याकडच्या जुन्या पत्रकात छापलंय. वडिलांनी नवा डिजिटल थर्मामीटर आणला, तो सेल्सियसचा. म्हणून सगळे आकडे सेल्सियसमध्ये लिहून द्यायचं काम याच्याकडे आलं.

"मॅडम, 95 चे बरोबर 35 आले. पण 5 चे उणे 15 येतायत. दर आठवड्याला उणे 15 म्हणजे काय करायचं?"

वर्ग हसला. मी हसणाऱ्यांनाच वहीत करून बघायला सांगितलं. 5 वजा 32 म्हणजे उणे 27, गुणिले 5, भागिले 9. उणे 15 च आले, सगळ्यांचे. मग एकाने 35 मधून 15 काढून दुसऱ्या आठवड्याला 20 अंश ठरवले. दुसऱ्याने उणे-उणे अधिक करून थेट 50 वर नेलं.

"वीसला गारठून मरतील आणि पन्नासला भाजून," तो मुलगा म्हणाला. आणि त्याने जे सांगितलं ते मी खडू खाली ठेवून ऐकलं. थंडी वाजली की पिल्लं बल्बखाली एकावर एक चढतात, सारखी ओरडतात, खालची गुदमरतात. उष्णता जास्त झाली की चोच उघडी टाकून कडेला पळतात. बेताची असली की तुसावर सगळीकडे पसरतात आणि दाणे टिपत हिंडतात. उत्तर चुकलंय हे त्याला आधीच कळलं होतं. सूत्र बरोबर असूनही ते का चुकतं, हा त्याचा खरा प्रश्न होता.

फळ्यावर दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी काढले. पाणी गोठतं तिथे एकावर 0, दुसऱ्यावर 32. उकळतं तिथे 100 आणि 212. म्हणजे तेवढ्याच उंचीचे इकडे 100 भाग, तिकडे 180. सूत्रातला 5/9 येतो तो या भागांच्या लहान-मोठेपणातून. 32 येतात ते दोघांचे शून्य वेगवेगळ्या जागी आहेत म्हणून. मग त्यालाच फळ्यावर बोलावलं आणि 95 व 90 दोन्ही सूत्रात घालून वजाबाकी करायला लावली. (95 − 32) − (90 − 32). दोन्ही 32 त्याने स्वतःच्या हाताने खोडले. उरले 5. त्यांना 5/9 ने गुणलं, 2.8 आले.

"म्हणजे पत्रकातले 95 हे तापमान आहे आणि 5 हा फरक आहे," तो म्हणाला.

आमच्या स्वाध्यायांत याचं गणित क्वचितच असतं, याची मला खंत आहे. 98.6 चे 37 करा, उणे 40 दोन्हीकडे सारखे दाखवा, इथेच बहुतेक वेळ थांबतो. पॅरिस करारातली जागतिक तापमानवाढीची 1.5 अंश सेल्सियसची मर्यादा फॅरनहाइटमध्ये सांगायची तर 2.7 अंशांची वाढ होते. मुलांनी डोळे झाकून सूत्र लावलं तर 34.7 येतील आणि एकालाही शंका येणार नाही.

दुपारी त्याच तुकडीचं प्रात्यक्षिक होतं. काचेच्या सिरिंजमध्ये 27 अंश सेल्सियसला 20 मिलिलिटर हवा घेतली, तोंड बंद केलं आणि ती 54 अंशांच्या पाण्यात बुडवली. आधी अंदाज विचारला होता. "दुप्पट तापमान, म्हणून 40," असं निम्म्या वर्गाने सांगितलं. दट्ट्या 22 च्या रेषेच्या जरा अलीकडे थांबला. केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सियसमध्ये साधारण 273 मिळवून, 300 चे 327 झालेत. दाब तोच असेल तर वायूचं आकारमान याच तापमानाच्या प्रमाणात वाढतं, हा चार्ल्सचा नियम, म्हणून 21.8. दुप्पट म्हणायचं तर शून्य खरंखुरं शून्य हवं, आणि ते उणे 273.15 अंश सेल्सियसला आहे. फरक मात्र केल्व्हिनमध्येही 27 च राहतो, कारण दोन्हींचा अंश सारख्याच मापाचा.

शेडवाल्या मुलाने लगेच विचारलं, "फॅरनहाइटमध्येच चार्ल्सचा नियम लावायचा असेल तर?" लावता येतो. त्यासाठी 459.67 मिळवायचे, त्याला रँकिन मापनश्रेणी म्हणतात. त्याने 80.6 आणि 129.2 घेऊन गुणोत्तर काढलं, तेच 1.09 आलं. हे परीक्षेत कोणी विचारत नाही. तरी आम्ही घंटा होईपर्यंत त्यावर बोलत बसलो.

शेडसाठी त्याने तक्ता केला: 35, 32.2, 29.4, 26.7, 23.9. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वडिलांना पॉइंटातलं काही नकोय, ते दर आठवड्याला 3 ने उतरवणार. चार आठवड्यांत 11.1 ऐवजी 12 अंश उतरतील, म्हणजे फरक एका अंशाहूनही कमी. "चालेल," मी म्हटलं, "पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर बल्ब जरा खाली घ्या."