डोलंडचे औषधवाले नगराध्यक्ष

1965 ते 1969 या काळात अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले ह्यूबर्ट हम्फ्री यांच्याविषयी वाचताना मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या वडिलांचेच कुतूहल अधिक वाटत आले आहे. वडिलांचे नावही ह्यूबर्टच. साउथ डकोटा राज्यातील डोलंड या सहाशेएक वस्तीच्या गावात ते औषधांचे दुकान चालवत, नगर परिषदेत बसत आणि काही काळ नगराध्यक्षही होते. गावात वरचष्मा रिपब्लिकनांचा, आणि हे गृहस्थ कट्टर डेमोक्रॅट. तरीही लोकांनी त्यांना निवडून दिले, याचे कारण मला त्यांच्या दुकानातच सापडते. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे पीक बुडाले आणि कोणाची उधारी यंदाही फिटणार नाही, हे औषधवाल्याइतके गावात क्वचितच कोणाला ठाऊक असते. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातही याहून वेगळे नाही.

गावाच्या मालकीचे वीजकेंद्र खासगी कंपनीला विकण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी परिषदेत हिरिरीने विरोध केला. या बैठकांना ते मुलाला बरोबर नेत आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवत. रात्र वाढली की पोराला डुलकी लागे आणि वडिलांचा आवाज चढला की तो दचकून जागा होई. अखेर केंद्र विकले गेले आणि हम्फ्री हरले. पण त्यांनी कोणाशी डूख धरला नाही. ज्याच्याशी आदल्या रात्री कडाक्याचे वाजले, त्याच्याच खोकल्याचे औषध सकाळी बांधून द्यायचे, तर अबोला कसा परवडणार?

शेतमालाचे भाव कोसळले, गावातल्या दोन्ही बँका बुडाल्या आणि देणी भागवण्यासाठी 1927 मध्ये राहते घर विकावे लागले. त्या दिवशी वडिलांना रडताना पाहिल्याचे मुलाने पुढे सांगितले आहे. 1931 मध्ये कुटुंबाने जवळच्याच ह्युरॉन शहरात नवे दुकान थाटले. त्यासाठी मुलाने विद्यापीठाचे शिक्षण सोडले, डेन्व्हरला जाऊन औषधनिर्माणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहा महिन्यांत उरकला आणि तो गल्ल्यावर उभा राहिला. धुळीच्या वादळांच्या त्या वर्षांत माणसांच्या औषधांवर दुकान चालणे कठीण होते. म्हणून बापलेक शेतकऱ्यांना डुकरांची औषधे विकत आणि गोठ्यात जाऊन लसही टोचत.

1937 मध्ये मुलगा पुन्हा शिकायला गेला आणि 1945 मध्ये मिनियापोलिसचा महापौर झाला. लांबलचक भाषणांवरून पुढे त्याची बरीच चेष्टा झाली. मला वाटते, तो गुण परिषदेतल्या त्या रात्रींचा असावा. मात्र 1948 मध्ये फिलाडेल्फियाच्या पक्ष अधिवेशनात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी त्याने केलेले गाजलेले भाषण चांगले आटोपशीर होते, आणि ते ऐकायला साउथ डकोटाचे प्रतिनिधी म्हणून वडील सभागृहात हजर होते.