तीन मूर्तीतली भाजलेली कुपी

राकेश शर्मा ज्या यानातून वर गेले ते यान दिल्लीत नाही. दिल्लीत आहे ते त्यांना खाली घेऊन आलेलं. नेहरू तारांगणात ही कुपी, म्हणजे यानाचा माणसांसह परत येणारा भाग, बघायला जाणार असाल तर एवढं डोक्यात पक्कं ठेवून जा, कारण दोन्हींची गल्लत सर्रास होते.

मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर लोककल्याण मार्ग स्थानकाला उतरायचं (जुने दिल्लीकर अजून त्याला रेसकोर्सच म्हणतात) आणि रिक्षावाल्याला 'तीन मूर्ती' सांगायचं. आवार तेच, जिथे आता प्रधानमंत्री संग्रहालय आहे. सोमवारी सुट्टी. शाळांच्या सहली यायच्या आत सकाळीच पोचलात तर कुपीभोवती निवांत फिरता येतं. आकाशदर्शनाचा खेळ नंतर बघा, आधी कुपी.

घंटेच्या आकाराची, 2.2 मीटर रुंद. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, 'एवढीशी?' आत मोकळी जागा सुमारे 4 घनमीटर, आणि तीन माणसं. गुडघे पोटाशी घेऊन, पाठीवर पडून. मधे कमांडर युरी मालिशेव, डावीकडे फ्लाइट इंजिनिअर गेन्नादी स्त्रेकालोव, उजवीकडे शर्मा. सोयूझ हे सोव्हिएत बनावटीचं यान, आणि पूर्ण सोयूझ तीन तुकड्यांचं असतं. पुढचा गोल कक्ष आणि मागचा इंजिनांचा भाग वातावरणात जळून जातात. परत येतो तो फक्त हा मधला तुकडा.

आता अदलाबदलीचं. शर्मा 3 एप्रिल 1984 रोजी बैकोनूरच्या प्रक्षेपण तळावरून भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 6 वाजून 38 मिनिटांनी निघाले, ते सोयूझ टी-11 मधून. सल्यूत-7 या सोव्हिएत अवकाशस्थानकावर किझीम, सोलोव्योव आणि आत्कोव हे अंतराळवीर फेब्रुवारीपासून राहत होते, आणि त्यांचं टी-10 तिथेच जोडलेलं होतं. पाहुण्यांनी नवं यान ठेवून जायचं आणि जुनं घेऊन परतायचं ही सोव्हिएत रीत. कारण साधं आहे : उतरताना कुपीची दिशा सांभाळणारे छोटे झोत हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात, आणि पेरॉक्साइड नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होऊन संपत जातं. यानाला महिन्यांचा हिशेब असतो. म्हणून 11 एप्रिलला शर्मा टी-10 मधून कझाकस्तानात अर्कालिकजवळ उतरले, आणि टी-11 2 ऑक्टोबरला यजमानांना घेऊन आलं.

या अदलाबदलीत एक काम विसरून चालत नाही. प्रत्येकाच्या आसनाचं अस्तर त्याच्या पाठीच्या साच्यावरून घडवलेलं असतं. ते एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावं लागतं. दुसऱ्याच्या साच्यात उतरलात तर जमिनीचा दणका सगळ्या पाठीवर सारखा न पसरता मणक्यात एका जागी बसतो.

दणका का बसतो ते समजायचं तर कुपीचा तळ बघा. खालची उष्णतारोधक ढाल मोठं पॅराशूट उघडल्यावर, सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर, टाकून दिली जाते. तिच्यामागे दडलेली छोटी इंजिनं मोकळी होतात आणि जमीन जेमतेम मीटरभर उरली की पेटतात. ढाल अडकली तर ती पेटून उपयोग नाही. सुमारे हजार चौरस मीटरचं पॅराशूट असूनही वेग सेकंदाला सातेक मीटर राहतो. उरलेलं काम या इंजिनांचं आणि आसनाखालच्या धक्काशोषकांचं. कुशीवरचं मोठं भोक बघून लोक 'हा दरवाजा' म्हणतात. ते पॅराशूटचं खण. माणसांची वाट वरच्या टोकाला आहे.

शर्मांचा पोशाखही इथे आहे. सोयूझमध्ये घालतात तो सोकोल पोशाख बसलेल्या माणसाच्या बेताने शिवलेला असतो, त्यामुळे तो घालून उभा राहिलेला माणूस नेहमी वाकलेला दिसतो. 1971 मध्ये सोयूझ-11 ची हवा निघून गेली आणि असा पोशाख नसलेले तिघं दगावले. त्यानंतर सोयूझमध्ये दोघंच जात. पोशाखासह तीन माणसांची सोय झाली ती या टी मालिकेत.

इंदिरा गांधींशी झालेलं संभाषण सगळ्यांना पाठ आहे, ते सोडू. त्या 7 दिवस 21 तास 40 मिनिटांत भारताचं बहुवर्णी छायाचित्रण झालं, वजनरहित अवस्थेत योगासनांचा परिणाम तपासला गेला, याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. आपल्याकडच्या वाचकाला आणखी दोन धागे ओळखीचे वाटतील : शर्मा खडकवासल्याच्या एनडीएचे, आणि अवकाशातून आल्यावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात चाचणी वैमानिक होते.

जाता जाता तारीख जुळवून बघा. या तारांगणाचं उद्घाटन 6 फेब्रुवारी 1984 ला झालं. टी-10 बैकोनूरहून उडालं 8 फेब्रुवारीला.