मॅडम, कोमाँ ताले-वू?

आठवीत संस्कृत सोडून मी फ्रेंच घेतलं तेव्हा घरी बरीच कुरकुर झाली होती. मॅडम वर्गात आल्या की आम्ही सगळे एका सुरात "कोमाँ ताले-वू?" म्हणायचो, म्हणजे तुम्ही कशा आहात, मग त्या कोणातरी एकीला उलट विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जायच्याच नाहीत. "कॉम सी कॉम सा", म्हणजे ठीकठाक, म्हणून सुटायला बघितलं की सरळ मराठीत, काय गं, काय झालं?

पुढे शिकायला फ्रान्समधल्या ल्योंला गेले. तिथे जिन्यात, ट्राममध्ये, जिकडेतिकडे "सा व्हा?", म्हणजे बरं चाललंय ना, आणि उत्तरही "सा व्हा", थांबत कोणीच नाही. "कॉम सी कॉम सा" तर मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही, मन लागत नसेल तर नुसतं "बोफ" म्हणतात. पहिले काही महिने मला वाटायचं इथे खरंखुरं कोणी विचारतच नाही.

८ डिसेंबरला ल्योंमध्ये खिडक्या-खिडक्यांत छोटे दिवे लावतात, अगदी आपल्या पणत्यांसारखे. त्याच आठवड्यात आजी गेल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या मैत्रिणीने विचारलं, "केस्क ता?" पुस्तकात "तू आ" असतं, बोलताना त्याचं "ता" होतं. शब्दशः अर्थ लावला तर "तुला काय आहे?", मला ते फार तुटक वाटलं, पण ती हातातलं काम ठेवून शेजारी येऊन बसली, "ता पा लेर बियाँ" म्हणाली, म्हणजे बरी दिसत नाहीयेस, आणि मग गप्प राहिली. तेव्हा कळलं की "केस्क ता?" म्हणजे आपलं "काय गं, काय झालं?" च आहे, मॅडमचंच.

मी म्हटलं, "जे ल काफार." काफार म्हणजे झुरळ, पण हे वाक्य मन उदास झालं की म्हणतात. सिलॅबसमध्ये नव्हतं हे, मॅडमनी एकदा तास संपता संपता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून दिलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी सोन नदीच्या काठाने दिवे बघत खूप वेळ चाललो, आजीबद्दल मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत राहिले आणि तिने एकदाही माझी चूक काढली नाही.

"कोमाँ ताले-वू" मित्रमैत्रिणींना कोणी म्हणत नाही, ते "वू" म्हणजे आपलं आदराचं "तुम्ही". मॅडम, पुन्हा भेटलात तर मी तुम्हाला तेच विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणार आहे.