आमची वाटचाल : रिवाइंडिंगचा गाळा ते माशांचं दुकान

शोभेच्या माशांच्या आमच्या दुकानाला पाटी लागली दसऱ्याला आणि पहिला मोठा फटका बसला संक्रांतीच्या आत. त्या तीन महिन्यांत जे शिकलो त्यावरच धंदा आजवर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वडिलांचा साताऱ्यात मोटर रिवाइंडिंगचा गाळा. शेतीपंपाच्या मोटरी जळाल्या की कोरेगाव, रहिमतपूरकडची माणसं टेम्पोत घालून आणायची. उन्हाळ्यात मान वर करायला फुरसत नाही, पावसाळ्यात काम थंड. मला शाळेपासून माशांचा नाद. आमच्यात वडिलांना अण्णा म्हणतात. अण्णांचं मत होतं, "मासं खायाचं असत्यात, बघायचं नसत्यात." तरी निम्मा गाळा दिला. मी मुंबईला क्रॉफर्ड मार्केटला गेलो, एंजल, टेट्रा, मॉली, फायटर असा माल भरला आणि ऑक्सिजनच्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यांत घालून रात्रीच्या एसटीनं घेऊन आलो.

दिवाळीपर्यंत सगळं झकास. नंतर थंडी उतरली. आमचा गाळा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून चालतो, त्यामुळं सकाळी किती तरी वेळ किल्ल्याची सावली आमच्यावरच. खाली कोबा, पुढं पत्र्याचं शटर. सकाळी येऊन बघावं तर मासे तळाशी, पर मिटून. टेट्रांचे रंग उडालेले. मग अंगावर मिठाचे दाणे शिंपडावेत तसे पांढरे ठिपके. आठवड्याभरात निम्म्याहून जास्त माल गेला. मी औषधांवर औषधं ओतत होतो. अण्णांनी एका पहाटे टँकमध्ये थर्मामीटर बुडवला. १७ अंश. या माशांना लागतात २४ ते २८. माशाला स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग. पाणी गार झालं की त्याची पचनशक्ती मंदावते, प्रतिकारशक्ती ढासळते, आणि ठिपक्यांचा परजीवी नेमकी हीच संधी साधतो. रोग बरा करायला मी धडपडत होतो, पण तो रोज रात्री आमच्याच शटरखालून आत येत होता.

हीटर नव्हता असं नाही. शंभर लिटरच्या टँकला पन्नास वॅटचा लावला होता, स्वस्त मिळाला म्हणून. अण्णांनी कागदावर हिशोब मांडला. शंभर लिटर पाणी एका अंशानं तापवायला पन्नास वॅटला सव्वादोन तासांहून जास्त लागतात, तेही ऊब कुठंच गळत नाही असं धरून. इथं ती चारी बाजूंनी गळत होती. मी म्हटलं, मोठा हीटर आणतो. ते म्हणाले, "आधी गळती बघ. टाकीला भोक आसंल तर मोटर मोठी करून काय उपेग?"

गळती कुठं, तर सगळ्यात जास्त वरून. उघड्या पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना ऊब घेऊन जाते. अंघोळीनंतर वारं लागलं की काकडतो, तसंच. त्यामुळं पहिलं काम झाकण, हवेपुरती फट ठेवून. दुसरं, तळ आणि मागची काच. मुंबईहून माल ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून आला होता ती मी भंगारात घालणार होतो. तीच कापून टँकखाली आणि मागं बसवली. वीत वीत अंतर ठेवून टँक भिंतीपासून पुढं ओढले. मग हीटर बदलला. लिटरला एक वॅट हे साधारण माप, खोली फारच गार असेल तर दीड. तोही कोपऱ्यात उभा न टाकता फिल्टरच्या पाण्याच्या धारेजवळ, खालच्या बाजूला. नाही तर हीटरजवळचं पाणी गरम, दुसरं टोक गार, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ऊब पुरेशी झाली की हीटर तोडणारं बटण, आपला खूश होऊन बंद.

आणि एक, तापमान २८ वर ठेवायचा हट्ट सोडला. खोली १४ अंशांवर असताना २८ राखायचं म्हणजे फरक १४ चा, २४ राखलं तर १० चा. ऊब गळते ती या फरकाच्या हिशोबात. साध्या माशांना २४ चालतं. डिस्कससारखे जास्त ऊब लागणारे मासे पाळणाऱ्यांनी मात्र वीजबिलाची तक्रार करू नये.

तेव्हा भारनियमन जोरात होतं. लाइट गेली की हीटर गेला, पंप गेला. इन्व्हर्टरवर सगळे हीटर चालवले तर बॅटरी दोन तासांत मान टाकायची, म्हणून त्यावर फक्त हवेचे पंप ठेवले. उबेसाठी आईनं माण तालुक्यातल्या धनगरांकडून घेतलेलं घोंगडं दिलं. दोन मोठ्या टँकना ते गुंडाळलं, बाकीच्यांना जुन्या गोधड्या. गरम पाण्याच्या बाटल्या बूच घट्ट लावून आत तरंगत सोडायच्या, निवल्या की बदलायच्या. येणारे-जाणारे हसायचे. एक आजी म्हणाल्या, "आवो, बाळंतपण हाय का काय हितं?"

ग्राहक वाढले ते यातूनच. मासे कुठंही मिळतात, पण थंडीत ते जगवायचे कसे हे सांगणारा गावात कोणी नव्हता. दिवाळीनंतर टँक नेणाऱ्याला आम्ही आधी विचारायला लागलो: टँक कुठल्या खोलीत ठेवणार, खिडकी कुठल्या बाजूला, रात्री पंखा लावता का. गोल्डफिश नेणाऱ्याला सांगायचो, तुम्हाला हीटर नको, पैसे वाचवा. गोल्डफिश गार पाण्यातला मासा, १८-२० अंशांत तो मजेत असतो. मात्र एंजलबरोबर त्याला टाकू नका, दोघांपैकी एकाचे हाल होणार.

चुका आमच्याही झाल्या. एका निवृत्त गुरुजींच्या घरी पाणी बदलताना मी हीटरचं बटण बंद करायला विसरलो. पाणी उतरलं, हीटर उघडा पडून लालबुंद तापला, त्यावर गार पाणी पडलं आणि त्याची काच फट्कन फुटली. हात पाण्यात नव्हता हे नशीब. तेव्हापासून आमचा माणूस घरात शिरला की आधी प्लग काढतो, पंधरा मिनिटं थांबतो, मग बादलीला हात लावतो. वायरही प्लगच्या खाली झोळ देऊन सोडतो, म्हणजे ओघळ सॉकेटात जात नाही. दुसरी चूक जास्त लागली. वीस लिटरच्या टँकला शंभर वॅटचा हीटर दिला, थर्मोस्टॅट चिकटून हीटर बंदच झाला नाही आणि सकाळपर्यंत सगळे मासे उकडून निघाले. पैसे परत दिले, पण त्या घरातल्या पोरीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्याचं काय परत देणार? आता मोठ्या टँकला एकाऐवजी निम्म्या वॅटचे दोन हीटर. एक बंद पडला तर दुसरा रात्र काढतो, एक चिकटला तरी एकट्यानं टँक उकळवत नाही.

पाचगणीच्या एका बंगल्यानं आम्हाला खऱ्या अर्थानं धंदा दिला. चार फुटी टँक, संगमरवरी फरशी, मोठी काचेची खिडकी, आणि मालक शनिवार-रविवार येणार. दोन-सव्वादोनशे लिटर पाणी. खाली जाड थर्माकोल, खिडकीला जाड पडदा, दीडशे वॅटचे दोन हीटर. खरा प्रश्न रखवालदाराचा होता. ते तात्या भले माणूस, पण रोज सकाळी पाणी बदलायचे, तेही स्लॅबवरच्या टाकीतलं. मी म्हटलं, तात्या, तुम्ही पहाटे त्या पाण्यानं अंघोळ करता का? मग त्यांनी बंबातलं गरम मिसळायला सुरुवात केली. बंब तांब्याचा. तांब्याचा अंश माशांना वाईट आणि गोगलगायी-कोळंबीला तर विषच. शेवटी ठरलं: आठवड्यातून एकदा, चौथा हिस्सा पाणी, दुपारी, स्टीलच्या पातेल्यात कोमट करून. रोज सकाळी थर्मामीटरचा फोटो आम्हाला. त्यातूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी देखभालीचा करार निघाला. पुढं वाई, पाचगणी, महाबळेश्वरकडचे बंगले मिळत गेले.

तोट्याचा निर्णय एकच घेतला. दिवाळी ते होळी काचेचे छोटे बाउल विकायचे नाहीत. दोन-तीन लिटर पाणी सूर्य मावळताच निवतं आणि त्यात हीटर लावणं धोक्याचं. वाढदिवसाला भेट म्हणून फायटर आणि बाउल मागणारे रोज येतात, तोंड वाकडं करून जातात. अण्णा अजून गल्ल्याशेजारी रिवाइंडिंगचं टेबल धरून बसलेले असतात. परवा असंच एक गिऱ्हाईक परत गेलं, तेव्हा वर न बघता म्हणाले, "होळीनंतर ये म्हनावं."