तुम्ही विचारलंत म्हणून : गेलेल्याला परत घ्यावं का?

हा प्रश्न जूनमध्ये सुरू होतो तो गणपतीपर्यंत पुरतो. गेल्या गणपतीत पंगतीला मोदक वाढताना एका गृहस्थांनी मला हात धरून थांबवलं. "काय हो, तुमचा लेब्रॉन परत येतोय म्हणे?" जणू बास्केटबॉलचा बादशहा लेब्रॉन जेम्स माझा चुलत मेव्हणा आणि त्याला विमानतळावर आणायला मीच जाणार. सांगलीहून भाचा फोन करतो, तो प्रश्न जरा मोठा करून विचारतो. "मामा, सोडून गेलेल्या प्लेअरला टीमनं परत घ्यावं का? चेन्नईनं अश्विनला घेतलंच ना, पावणेदहा कोटी मोजून."

मी अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका उपनगरात वीसेक वर्षं राहतोय. आमची बास्केटबॉलची टीम कॅव्हेलियर्स, लाडानं कॅव्ज. गेलेल्यांना परत घेण्याचे इतके बरेवाईट प्रयोग या टीमनं केलेत की माझं मत आपोआपच तयार झालं. ते असं : करार संपून मोकळा झालेला जुना खेळाडू समोर आला, की तो आपला होता हे विसरून त्याला तोलावं. यंदा त्याच्याकडून नेमकं काय काम हवंय आणि त्याच पैशात त्या कामाला दुसरा कोण मिळतोय, एवढंच बघावं. मागचं प्रेम हिशेबात धरायचं तर बाकावरच्या अगदी शेवटच्या खुर्चीपुरतं. हे मी स्वतः पाळलेलं नाही, तेही पुढं सांगतो.

आधी लेब्रॉन, कारण त्याला टाळून इथं कुठलाच विषय पुढं जात नाही. शेजारच्या अक्रनचा पोरगा. २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या निवडीत, आम्ही त्याला पहिल्या नंबरवर घेतलं. ८ जुलै २०१० च्या रात्री त्यानं टीव्हीवर कार्यक्रम करून सांगितलं की आपण मायामीला चाललो. त्याच रात्री मालक डॅन गिल्बर्ट यांनी चाहत्यांना संतापून पत्र लिहिलं, तेही कॉमिक सॅन्स टाइपात, म्हणजे बालवाडीच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापतात त्या अक्षरांत. लेब्रॉनच्या आधी आम्ही अजिंक्यपद जिंकू, अशी हमी त्यात होती. दोन दिवसांनी स्टेडियमसमोरच्या इमारतीवरचं त्याचं दहा मजली पोस्टर तुकड्यातुकड्यानं उतरवलं. लोकांनी २३ नंबरच्या जर्सी जाळल्या. मी माझी जाळली नाही. पैसे मोजून घेतलेला धडका कपडा जाळायचा, हे सांगलीच्या माणसाला झेपत नाही. आईनं शिवलेल्या गोधडीत गुंडाळून मी ती माळ्यावरच्या बॅगेत टाकली. पुढच्या मोसमात आम्ही सलग २६ सामने हरलो. ८२ पैकी १९ जिंकले. लेब्रॉननं २०१२ आणि २०१३ ची अजिंक्यपदं मायामीत घेतली. मालकांच्या हमीबद्दल नंतर कुणी बोललं नाही.

२०१४ च्या जुलैत तो परत आला. याला सगळे भरतभेट म्हणतात, पण हिशेबाची वही मला जास्त रंजक वाटते. एनबीएमध्ये, म्हणजे इथल्या बास्केटबॉल लीगमध्ये, टीमनं पगारावर किती खर्च करावा याला मर्यादा आहे. पण सलग तीन मोसम आपल्याकडे असलेला खेळाडू ती ओलांडूनही ठेवता येतो. याला लॅरी बर्ड या जुन्या खेळाडूच्या नावावरून 'बर्ड हक्क' म्हणतात. आयपीएलवाल्यांनी राइट टू मॅच कार्ड आठवावं. तंतोतंत तसं नाही, पण भाव तोच, की आपल्या माणसावर पहिला हात आपला. हा खेळाडू मोकळा झाला आणि दुसऱ्या टीमशी करार करून गेला, की हक्क संपला. परत येताना वहीत तो परकाच असतो. लेक माहेरी आली तर आपण पाट मांडतो. इथं तिला दारातच तिकीट काढायला लावतात.

म्हणून लेब्रॉनला जागा करायला कॅव्जनी जॅरेट जॅक आणि सर्गेई कारासेव्ह ब्रुकलिनला पाठवले, टायलर झेलर बॉस्टनला, आणि वर पहिल्या फेरीतला एक ड्राफ्ट हक्कही दिला. एक खुर्ची रिकामी करायला एवढं सामान बाहेर काढलं. करार दोन वर्षांचा, ४२.१ मिलियन डॉलरचा, आणि एका वर्षानंतर निघून जायची मुभा त्याच्याकडे. टीव्हीच्या नव्या पैशामुळे पगाराची मर्यादा उडी मारणार हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे दर जुलैत आमचा जीव टांगणीला. मायलेकरांची भेट अशी नसते.

तरी तो सौदा सोळा आणे बरोबर होता, कारण माणूस २९ वर्षांचा आणि जगातला सर्वोत्तम खेळाडू. तो अक्रनऐवजी अलास्कात जन्मला असता तरी त्याला घ्यायलाच हवं होतं. १९ जून २०१६ ला, सात सामन्यांच्या फायनलमध्ये, गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून सातवा सामना आम्ही ९३-८९ जिंकला. शहराला मोठ्या खेळातलं अजिंक्यपद ५२ वर्षांनी मिळालं. तीन दिवसांनी मिरवणुकीत धाकट्याला खांद्यावर घेऊन मी चार तास उभा होतो. गोधडीतून काढलेली जर्सी पोटावर घट्ट झाली होती. आणि पोराच्या डोक्यावर कुरळ्या केसांचा विग, ज्याचा लेब्रॉनशी काही संबंध नव्हता.

तो विग अँडरसन व्हरेजाओचा. ब्राझीलचा हा उंच, जमिनीवर लोळून चेंडू काढणारा गडी बारा मोसम आमच्याकडे खेळला. त्याच्यासारखे विग इथं स्टेडियममध्ये वाटायचे. २०१६ च्या फेब्रुवारीत कॅव्जनी त्याला पोर्टलँडला देऊन टाकला आणि पोर्टलँडनं लगेच मुक्त केला. मग तो घरी का नाही आला? नियमानं. आणि तो नियम आमच्यामुळेच झालेला. २०१० मध्ये झिद्रुनास इल्गॉस्कस या सव्वासात फुटी सेंटरला कॅव्जनी वॉशिंग्टनला दिलं, त्यांनी त्याला मोकळं केलं, आणि महिनाभरानं तो पुन्हा आमच्याच बाकावर. म्हणजे बदल्यात अँटवान जेमिसन मिळाला आणि दिलेला माणूसही घरी आला. बाकीच्या टीमांनी तोंडात बोटं घातली. पुढच्याच वर्षीच्या, २०११ च्या सामूहिक करारात लिहिलं गेलं की असा देऊन टाकलेला खेळाडू मुक्त झाला तरी वर्षभर जुन्या टीमकडे येऊ शकत नाही. पाच वर्षांनी तो फास व्हरेजाओच्या गळ्यात. तो गोल्डन स्टेटला गेला आणि ज्या अजिंक्यपदाची त्यानं आमच्यासोबत बारा वर्षं वाट पाहिली, त्याच्या फायनलमध्ये समोरच्या बाकावर बसून हरला. मिरवणुकीत पोरानं विचारलं, "बाबा, विगवाला कुठल्या गाडीवर आहे?" मी कुणाकडे तरी बोट दाखवलं.

२०१८ ला लेब्रॉन पुन्हा गेला, लॉस एंजेलिसला. पुढच्या मोसमात आमचे विजय १९, पराभव ६३. आकडासुद्धा २०१०-११ चाच.

आता माझी चूक. रिकी रुबिओ, स्पेनचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा गडी. २०२१ च्या शरदात तो आमच्या तरुण पोरांना असे पास द्यायचा की ज्यांना कधी बास्केट दिसत नव्हती तेही गुण करू लागले. २८ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला. फेब्रुवारीत त्याचा करार इंडियानाला देऊन कॅरिस लव्हर्टला आणलं. तिथं तो एकही सामना खेळला नाही, आणि २०२२ च्या जुलैत मोकळा होऊन परत आमच्याकडे, तीन वर्षं, १८.४ मिलियन. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. ऑफिसात एकजण म्हणाला, तिशी ओलांडलेला, दुसऱ्यांदा फाटलेला तोच गुडघा, आणि तीन वर्षं? मी त्याच्याशी भांडलो. रुबिओ जानेवारीत परतला, ३३ सामने खेळला, पण पहिल्या पावलाची चपळाई गेलेली दिसत होती. त्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कच्या निक्सनी आम्हाला ४-१ नं घरी पाठवलं, आणि लांबून नेम साधणारा माणूस आपल्याकडे नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं. पुढच्या मोसमाआधी मानसिक स्वास्थ्यासाठी रुबिओ थांबला आणि २०२४ च्या जानेवारीत त्यानं एनबीएचा निरोप घेतला. यात त्याचा काडीचाही दोष नाही. मी तो शरद परत विकत घ्यायला निघालो होतो. तो विकायला नव्हताच.

याच्या उलट डेन्व्हर आणि ब्रूस ब्राऊन. २०२३ च्या अजिंक्यपदात ब्राऊनचा वाटा मोठा, पण एकच मोसम झालेला, त्यामुळे पूर्ण बर्ड हक्क नाहीत. डेन्व्हरला त्याला वर्षाला आठ मिलियनच्या आतबाहेरच देता येत होतं. इंडियानानं दोन वर्षांचे ४५ दिले, तो गेला. कोण नाही जाणार? दोन वर्षं तीन टीमांत फिरून २०२५ च्या जुलैत तो किमान पगारावर डेन्व्हरला परत आला. काम ठाऊक, दाम कमी, आणि वय अजून तिशीच्या आत. असा सौदा डोळे मिटून करावा. मायामीनं सोडून जाऊन परतलेल्या ड्वेन वेडला शेवटचा मोसम किमान पगारावर खेळवलं तेही गोड झालं. फिलाडेल्फियात डिसेंबर २००९ मध्ये ॲलन आयव्हर्सन परतला, कोर्टवरच्या टीमच्या चिन्हाचं वाकून चुंबन घेतलं, स्टेडियम रडलं. पंचवीस सामन्यांत संपलं.

राहता राहिला गृहस्थांचा प्रश्न. २०२५ च्या जूनमध्ये लेब्रॉननं लॉस एंजेलिसच्या लेकर्सबरोबरच्या कराराचं शेवटचं, ५२.६ मिलियनचं वर्ष खेळायचं ठरवलं, तेव्हापासून तो तिसऱ्यांदा येणार ही आवई उठलेली आहे. २०२५-२६ चा मोसम सुरू झाला तेव्हा कॅव्ज पगाराच्या 'दुसऱ्या एप्रन'च्या, म्हणजे वरच्या दंडरेषेच्या पलीकडे गेलेली एकमेव टीम होती. त्या रेषेपलीकडे बाहेरच्या मोकळ्या खेळाडूला किमान पगारच देता येतो. दहा किंवा अधिक मोसम खेळलेल्या माणसाला तो त्या मोसमात साधारण ३.६ मिलियन, आणि करार एका वर्षाचा असेल तर त्यातला बराच वाटा लीग उचलते. लॅरी नॅन्स ज्युनियर त्याच वाटेनं परत आला. अक्रनकडचाच, बापाचा २२ नंबर इथं छताला मानानं टांगलेला, शेवटच्या खुर्चीवर बसायला तयार. तिथं प्रेम धरायला माझी ना नाही.

पण लेब्रॉन शेवटच्या खुर्चीवर बसेल? पगार किमान झाला तरी चेंडू किमान वेळ हातात ठेवायला तो राजी होईल का, हा खरा खर्च आहे, आणि तो वहीत दिसत नाही. टीम आता डोनोव्हन मिचेल आणि इव्हान मोबलीची आहे. चाळिशी ओलांडलेला माणूस, कितीही थोर असला तरी, बाकावरून वीस मिनिटांसाठी यायला तयार असेल तर यावं. सुरुवातीपासून सूत्रं हवी असतील तर माझ्याकडून नमस्कार.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ती जर्सी दिली का मग टाकून?"

जर्सी गोधडीत आहे, २०१८ पासून. बायको दर वसंतात माळा आवरते आणि देऊन टाकायच्या कपड्यांच्या ढिगात ती ठेवते. मी ती उचलून परत बॅगेत टाकतो. "थांब जरा," म्हणतो, "जुलै जाऊ दे."